हिरड्याच्या पानातलं बिऱ्हाड

लग्न होऊन मी मार्गासनीच्या पुढच्या त्या गावात आले, तेव्हा फाल्गुन सरत आला होता. माझं माहेर भोरचं. वडील कचेरीत कारकून. घरात भावंडं, पाहुणे, शेजारपाजार, आणि बोलणं असं की एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू व्हायचं. इथं सासू-सासरे आधीच वारलेले. हे जंगलखात्यात फॉरेस्टर होते. खात्यानं दिलेलं दोन खोल्यांचं कौलारू घर गावाच्या वरच्या अंगाला होतं. शेतं तिथं संपायची आणि हिरड्याची झाडं सुरू व्हायची. दुसऱ्या लढाईच्या आधीची चार-पाच वर्षं असतील.

मला बघायला आले तेव्हा हे काहीच बोलले नव्हते. सगळी बोलणी यांच्या मामांनी केली. "मुलगा शांत आहे," असं ते दोनदा म्हणाले, आणि माझ्या वडिलांना ते आवडलं. इथं आल्यावर पहिल्या दोन-चार दिवसांतच मला उमगलं, की शांत वगैरे काही नाही, हे बोलताना अडखळतात. शब्दाच्या पहिल्या अक्षरावर जीभ अडायची, मानेची शीर ताठ व्हायची, डोळे मिटले जायचे. मग तो शब्द तसाच टाकून हे गप्प व्हायचे. म्हणून होता होईल तो एका शब्दात भागवायचे. "पाणी." "येतो." "पुरे." हाताखालचे गार्ड यांच्या हाताच्या खुणा ओळखायला शिकले होते. आमच्याकडे दूध घालायला येणारी मावशी गावातलीच, शेतकऱ्याघरची, चाळिशीची बाई. तिनं मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "गावात समदी यांना मुकं सायेब म्हनत्यात. वाईट वाटून घिऊ नगा वैनीबाई. मानूस लई चांगला हाय. पर बोलत न्हाई."

मला राग नाही आला. कुणाचा यावा? पण जेवताना समोर बसलेल्या माणसाशी काय बोलावं हे कळेना. मी काही विचारलं तर त्यांना उत्तर द्यावं लागणार, आणि उत्तर देताना त्यांचे होणारे हाल मला बघवत नसत. म्हणून मीही विचारणं सोडलं. एखाद्या जेवणात आमटी वाढण्यापुरताच पळीचा आवाज व्हायचा.

त्याच सुमाराला हिरड्याला नवी पालवी आली. हिरड्याचं कोवळं पान तांबूस असतं, त्यावर रेशमासारखी लव असते. उन्हात सगळं झाड तांब्याचं भांडं घासून ठेवावं तसं दिसायचं. आमच्या ओसरीला लागूनच एक बुटका हिरडा होता. त्याची एक फांदी ओसरीवर इतकी खाली आलेली, की बसल्या जागी हात पोचावा. एकदा तांदूळ निवडताना माझं लक्ष गेलं, की त्या फांदीवरची दोन-तीन पानं विड्यासारखी गुंडाळलेली आहेत. आपण गोविंदविडा करतो ना, तशी. एका बाजूनं आत वळलेली, नीट, घट्ट. वाऱ्यानं अशी गुंडाळी होत नाही. मी एक पान तोडलं आणि उलगडायला लागले. चरचर असा बारीक आवाज आला. आत पांढरे धागे होते, कापडाला टाके घालावेत तसे एका ओळीत.

त्यातून एक अळी निघाली. नखाएवढी, हिरवट, डोकं मात्र गुळाच्या रंगाचं, चकचकीत. बोट लागताच ती वळवळत चक्क उलटी पळाली, मागच्या मागं, आणि पानाच्या टोकावरून खाली पडली. पडली म्हणजे धाग्याला लोंबकळली. मी ओरडून पान टाकणार, एवढ्यात हे बाहेरून आले.

"उ... उघडू नकोस," हे म्हणाले. मग श्वास घेऊन, "बिऱ्हाड आहे ते तिचं."

लग्नानंतर मी ऐकलेलं हे यांचं सर्वांत लांब बोलणं होतं. मला हसूच फुटलं. हे घाबरून बघायला लागले, आपलं काही चुकलं की काय. मी म्हटलं, "मग बिऱ्हाड मोडलं हो मी. आता कुठं जाईल ती?" यांनी तो धागा बोटावर अलगद घेतला, अळी दुसऱ्या पानावर सोडली, आणि मला हातानं खूण केली: बैस आणि बघ.

ती दुपार मला अजून लख्ख आठवते. अळी पानाच्या कडेजवळ गेली. डोकं या बाजूला टेकवलं, मग त्या बाजूला. पुन्हा या बाजूला. घड्याळाच्या लंबकासारखं. प्रत्येक वेळी एक धागा, दिसेल न दिसेल असा. एका जागी धाग्यांचा जुडगा झाला की पुढं सरकून दुसरा. मला वाटलं, एवढ्या सुतानं पान कसलं वळतंय? पण धागा वाळला की आखडतो. एकेक जुडगा आखडत गेला तशी पानाची कड उठत गेली. मग ती वळलेल्या कडेच्या आत शिरली आणि तिथून पुढचे टाके घालू लागली. माझे तांदूळ सुपात तसेच राहिले. उन्हं कलली तेव्हा पानाची सुरळी झाली होती आणि अळी दिसेनाशी झाली होती. मी तिचं नाव विडेकरीण ठेवलं. हे मान हलवून हसले. यांचे पुढचे दोन दात एकमेकांवर आलेले आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी यांनी हिरड्याच्या दोन डहाळ्या आणल्या, पाणी भरलेल्या बाटलीत खोचल्या, वरून कंदिलाची जुनी मोठी काच ठेवली आणि तिच्या तोंडाला माझ्या जुन्या लुगड्याचं फडकं बांधलं. आत तीन-चार विडे. हे फिरतीवर गेले की त्यांची देखभाल माझ्याकडे. संध्याकाळी हे परत यायचे, पाय धुवायचे आणि आधी काचेपाशी बसायचे. मी दिवसभरात काय काय पाहिलं ते सांगायची.

सांगण्यासारखं रोज काहीतरी असायचंच. विडेकरीण बाहेर पडून खात नाही. जे घर, तेच जेवण. आतल्या बाजूनं पानाचा हिरवा पापुद्रा खरवडून खाते, बाहेरची पातळ साल तशीच ठेवते, म्हणजे भिंती शाबूत राहतात. घर स्वच्छ ठेवते. खसखशीएवढी काळी विष्ठा सुरळीच्या तोंडापाशी येऊन बाहेर टाकते. काचेखाली ठेवलेल्या कागदावर सकाळी तिची रांगोळी पडलेली असायची. आतून पान खाऊन झालं की ती बिऱ्हाड बदलते, आणि नवं पान आधीच्यापेक्षा मोठं निवडते. मध्येच कात टाकते. तेव्हा ती खात नाही, हलत नाही. मला वाटायचं मेली. हे बोटानं "थांब" अशी खूण करायचे, आणि खरंच दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खाताना दिसायची.

मी एवढं बोलत असे, तर हेही अधूनमधून एखादं वाक्य बोलू लागले. मी त्यांच्या तोंडाकडे न बघता काचेकडे बघत राहायची. त्यामुळे असेल, पण शब्द जरा सैल सुटायचा. लग्नाआधी दोन वर्षं हे या घरात एकटेच राहत होते. तेव्हापासून ओसरीवर बसून हे या अळ्या बघत आले होते. "कु... कुणाला सांगणार?" असं एकदा म्हणाले.

चैत्र संपता संपता अळ्या खायच्या थांबल्या. सुरळीच्या आत त्यांनी धाग्यांचं मऊ अस्तर घातलं आणि त्यात त्या कोशात गेल्या. तपकिरी, चिंचोक्याच्या रंगाचा कोश. मी रोज सकाळी आधी काच बघायची, मग चूल पेटवायची. एका सकाळी काचेच्या आतून काहीतरी वर चढताना दिसलं. मला आनंद झाला, आणि जवळ जाऊन बघते तर पतंग नव्हताच. मुंगीसारखी बारीक कंबर असलेली, काळी, चार पंखांची एक इवलीशी माशी होती ती. त्या सुरळीत कोश नव्हता. अळीची वाळलेली कातडी होती आणि तिच्याशेजारी तांदळाच्या कणीसारखा एक पांढरा कोसला, टोकाला भोक पडलेला.

मी हिरमुसले. हे घरी आले तेव्हा मी म्हटलं, "आपली विडेकरीण दुसऱ्याच कुणाला तरी जन्म देऊन गेली." यांनी ते पान उन्हाला धरून पाहिलं आणि मला सांगितलं, तुटक तुटक, की ही माशी अळीच्या अंगात अंडं घालते. माशीचं पिल्लू अळीला आतून खातं. अळी तोवर पान गुंडाळतच असते. ऐकून माझं जेवणावरचं मन उडालं. "देवानं असं कशाला करावं?" मी विचारलं.

उरलेल्यांतला एक कोश मात्र खराच निघाला. भल्या सकाळी सुरळीच्या तोंडातून तो अर्धा बाहेर सरकलेला दिसला. कोशाला हातपाय नाहीत, तरी अंगाला झोके देत तो बाहेर आला होता. मी यांना हाक मारली. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसलो. कोश डोक्याकडून फाटला आणि ओलसर, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं, काचेला धरून लटकलं. पंख हळूहळू भरत गेले. उन्हं ओसरीवर येईपर्यंत त्याचा पतंग झाला. काही रंगीबेरंगी नव्हता. वाळक्या पानाच्या रंगाचा, मध्ये एक तिरपा गडद पट्टा. पंख मिटून बसला की देवळातल्या घंटेचा लहानसा आकार दिसायचा. फडकं सोडल्यावर तो उडाला आणि हिरड्याच्या वाळक्या सालीवर जाऊन बसला. एक क्षण मी नजर वळवली, आणि नंतर तो आम्हाला दोघांनाही सापडला नाही.

वैशाखात मात्र गोष्ट वेगळ्याच वळणाला गेली. त्या साली विडेकरणी फार झाल्या. आधीच्या पतंगांनी पानांवर अंडी घातली होती. मेणाचे पारदर्शक थेंब एकमेकांवर टेकवावेत तशी ती दिसायची. त्यांतून निघालेल्या अळ्यांनी डोंगराच्या त्या उतारावरचं एकेक झाड गुंडाळून टाकलं. लांबून बघितलं तर झाडं करपल्यासारखी दिसायची. आमच्या काचेतही आम्ही नवे विडे ठेवले होते. बाळहिरडा, म्हणजे हिरड्याचं कोवळं फळ, वेचायचे दिवस तोंडावर आले होते. त्या गावाला भातानंतर आधार तो हिरड्याचाच. हिरड्याच्या ठेकेदारानं वर कळवलं की झाडांना रोग लागला आहे, आणि एके सकाळी यांचे वरचे साहेब घोड्यावरून आले.

साहेब मराठीच होते. खाकी कोट, टोपी, बोलणं चटपटीत. येतानाच त्यांनी ओढ्यापलीकडच्या उतारावरच्या झाडांचे शेंडे छाटायला माणसं लावली होती. आमच्या अंगणात खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "इकडच्याही सगळ्या झाडांचे शेंडे पाडा. खाली ढीग करून जाळून टाका. कीड पसरता कामा नये."

अंगणात गावचे पाटील आणि पाच-सहा जण आले होते. पाटील म्हणाले, "सायेब, फांदीच न्हाई ऱ्हायली, तर हिरडा काय बुंध्याला धरंल व्हय?"

"यंदाचा गेला तर गेला. झाडं वाचतील." साहेब यांच्याकडे वळले. "तुमचं काय म्हणणं? तुम्ही इथं राहता. की तुम्हाला दिसलंच नाही हे?"

मी दाराआड चहाचे कप घेऊन उभी होते. यांनी तोंड उघडलं. मान ताठ झाली, डोळे मिटले. शब्द येईना. गावकरी खाली बघायला लागले. साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि बुटाची टाच जमिनीवर आपटली. "अहो, बोला की!"

त्या काळी परक्या पुरुषांसमोर बायका येत नसत. मी येण्याचं ठरवलं असंही नाही. कप खाली ठेवले, पदर डोक्यावर घेतला, ओसरीवरची काच बाटलीसकट उचलली आणि साहेबांच्या पुढ्यात नेऊन ठेवली.

"यांना सांगायचंय ते यात आहे," मी म्हटलं. "ते बघावं."

"बाई, हे सरकारी काम आहे."

"हो. पण अळ्या आमच्या ओसरीवर वाढल्यात."

पाटलांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं. साहेब मात्र रागावले नाहीत. वाकून बघायला लागले. काचेच्या आत त्या वेळी पतंग एकही नव्हता. सगळ्या त्या काळ्या बारीक माश्याच होत्या, काचेवर चढत होत्या. मी त्यांना माश्यांबद्दल सांगितलं, यांनी मला सांगितलं होतं तसं. मग हे पुढं झाले. छाटलेली एक फांदी गार्डनं नमुना म्हणून आणली होती, ती यांनी साहेबांच्या मांडीवरच ठेवली आणि एकेक सुरळी उलगडायला लागले. पहिल्या सुरळीत जिवंत अळी निघाली. दुसरीत वाळकी कातडी आणि पांढरी कणी. तिसरीतही तेच. पुढं एक जिवंत, मग पुन्हा कण्या. साहेब स्वतः नखानं उलगडायला लागले. निम्म्याहून जास्त घरांत विडेकरीण उरलीच नव्हती.

"जाळलं तर," हे म्हणाले, आणि अडले. "मा..."

कुठला शब्द येणार ते मला ठाऊक होतं. ओठांवर आलाही होता. पण मी बोलले नाही. साहेबही थांबले, हे त्यांचं मला आजही चांगलं वाटतं. ओढ्याकडून कुऱ्हाडीचे आवाज येत होते.

"माश्याही जळतील," यांनी पुरं केलं. "मग पु... पुढच्या वेळी अळ्यांना खायला कोण?"

साहेबांनी आणखी एक सुरळी उलगडून पाहिली. मग उठून कपडे झटकले. "पाऊस लागेपर्यंत राहू द्या," म्हणाले. "पण हिरडा बुडाला तर ठेकेदाराला तोंड तुम्ही द्यायचं." चहा प्यायले आणि पलीकडची छाटणी थांबवायला माणूस धाडला. तोवर तिकडची बरीच झाडं बोडकी झाली होती.

आम्ही जिंकलो असं मी म्हणणार नाही. त्या साली बाळहिरडा दरसालपेक्षा कमीच भरला. ते अळ्यांमुळे, की मोहोरावर आलेल्या वावटळीमुळे, कुणाला सांगता आलं नाही. ठेकेदार यांना दारात येऊन टाकून बोलला. हे ऐकून घेत उभे राहिले. पुढं यांची बढती लांबली. त्याचा या प्रकरणाशी संबंध होता की नव्हता, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. पण आमच्या बाजूची झाडं पावसात पुन्हा पानांनी भरली, आणि छाटलेल्या झाडांना पुढची दोन वर्षं हिरडा धरला नाही. गावानं यांना मुकं सायेब म्हणणं सोडलं. कुणी ठरवून सोडलं नसेल. यांच्याशी बोलायला येणारी माणसं आता उत्तर मिळेपर्यंत थांबायला लागली. पाटील तर तंबाखू मळत आरामात बसायचे. "सावकाश सांगा सायेब," म्हणायचे, "आमाला कुठं जायाचंय?"

पुढच्या चैत्रात मी रोज ओसरीवरची फांदी चाळायची. पानं सगळी सपाट, सुरेख, तांबूस. विडा एकही नाही. वरच्या उतारावर हिंडून आले, तिथंही तुरळकच. माझा चेहरा बघून दूधवाली मावशी म्हणाली, "काय झालं वो? कुनी गेलं का काय माहेरचं?"

"नाही हो मावशी. यंदा अळ्याच नाहीत."

ती कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. "कीड न्हाई म्हून रडतीया व्हय? धन्य बाई!" आणि ती गोष्ट तिनं सगळ्या आळीला सांगितली.

हे त्या दुपारी लवकर घरी आले. मला म्हणाले, "चल." आम्ही उतारावरून वर चढत गेलो. पहिल्यांदाच मी यांच्याबरोबर एवढ्या वर गेले होते. वारा चांगला होता. एका मोठ्या हिरड्याखाली खडकावर बसलो. यांनी फांद्या खाली ओढून बघितल्या आणि शेवटी एका पानाकडे बोट दाखवलं. विडा होता. ताजा. हात न लावता आम्ही तो पाहिला.

मग यांनी, मी न विचारता, आपल्या लहानपणाचं सांगायला सुरुवात केली. यांचं गाव सारोळ्याच्या बाजूला, नीरेच्या काठी. नदीवर म्हशी घेऊन जायचं काम यांच्याकडे असे. शाळेत उभं केलं की तोंडातून शब्द निघायचा नाही, आणि पोरं नक्कल करायची. पण म्हशींशी बोलताना जीभ कधी अडली नाही. सगळे धडे हे नदीत उभं राहून म्हशींना म्हणून दाखवायचे. कपाळावर पांढरा चांद असलेली एक म्हैस पाढे संपेपर्यंत पाण्याबाहेरच यायची नाही, असं सांगताना यांना इतकं हसू आलं की पुढचं वाक्य अडलं, आणि अडलेलं असतानाही हे हसतच राहिले.

उन्हं उतरल्यावर आम्ही खाली आलो. मी चूल पेटवून भाकऱ्या थापायला घेतल्या. हे एरवी ओसरीवर बसत. त्या दिवशी पाट ओढून चुलीपाशीच बसले. त्या म्हशीला पुढं पुरात वाहून जाताना कसं धरलं, ते सांगत होते. भाकरी तव्यावर करपली तरी मी यांना मधेच तोडलं नाही.